कात्रीसाठी माहितीपुस्तिका

४ एप्रिल, शुक्रवार

कात्रीने आमचं घर बुक केलं!

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. तोच. नाव तेच, आडनाव तेच, फोनचे शेवटचे चार आकडे तेच. बावीस वर्षं रोज संध्याकाळी फिरवलेला नंबर, तो काय विसरतो! १९ ते २६, शनिवार ते शनिवार. माणसं दोन. खाली 'काही विशेष सूचना' या चौकटीत — 'शांतता हवी.' हवी असणारच. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापली, त्याची कचकच कानात राहिली असेल.

घर कुणाचं, हे त्याला ठाऊक नाही. दोन सीमांपलीकडचं, तळ्याकाठचं ते दोन खोल्यांचं घर हिच्या मामांनी हिला दिलं. वेबसाइटवर हिचं माहेरचं नाव, हिचा फोन, हिचा फोटो. त्या घरात मी कायद्याने केवळ जावई. आम्ही राहतो इथे, मधे एक देश टाकून, आणि सुट्टीवर येणाऱ्यांना ते घर आठवड्याच्या बोलीने देतो. किल्ल्या, चादरी, केरवारे शेजारची किल्लीकाकू बघते.

'स्वीकारा' असं हिरवं बटण होतं. दाबलं. हिला विचारायचं राहिलं.

५ एप्रिल, शनिवार

सोळा वर्षं झाली. तरी लिहून ठेवतो. राग ताजा राहायचा तर त्याला अधूनमधून पाणी घालावं लागतं.

मी वार्ताहर, तो संपादक. कात्री हे नाव ऑफिसने ठेवलेलं. मी फक्त ते मनापासून वापरलं. मी वाढलो संस्कृत पाठशाळेत. आमची मांडायची रीत ठरलेली. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, जमेल तितकं भक्कम करून. मग त्यावर आक्षेप. आणि सर्वांत शेवटी सिद्धान्त, म्हणजे आपलं म्हणणं. याउलट, जागा कमी पडली की मजकूर खालून कापायचा, ही वर्तमानपत्राची रीत. म्हणजे बावीस वर्षं माझा पूर्वपक्ष छापून आला आणि सिद्धान्त टोपलीत गेला!

"अहो पंडित, महत्त्वाचं आधी लिहीत चला," तो म्हणायचा. "साहेब, महत्त्वाचं शेवटीच येतं," मी म्हणायचो. ऑफिस हसायचं. मीही हसायचो, हे कबूल करायला हवं.

मग रंगाच्या कारखान्याची बातमी. चार पानं. पहिल्या तीन पानांत मालकांचं म्हणणं — पाणी निर्मळ आहे, हे आमचे दाखले, ही आमची यंत्रं. चौथ्या पानावर मी. सात विहिरी, त्यांतल्या पाण्याचे नमुने, अंगावर चट्टे उठलेली माणसं नावानिशी. छापून आली तीन पानं. मथळा — 'कारखान्याचं पाणी निर्मळच!' आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव.

ज्या घरांत मी जेवलो होतो, त्या घरांनी मला पाहून दारं लावून घेतली. "विकला गेला," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बोलणारी बाई तीच, जिने मला आपल्या मुलाची पाठ उघडी करून दाखवली होती.

कात्रीला फोन केला. म्हणाला, "आलं ते छापलं. चौथं पान आलंच नाही." बावीस वर्षं खालून कापणारा माणूस, आणि नेमकं त्या दिवशी म्हणे आलंच नाही! डोंगरावर धूर दिसला तर अग्नीचं अनुमान करायला मला शिकवलेलं आहे. मी फोन आपटला. "पुन्हा लिहून पाठव," एवढे तीन शब्द म्हणाला असता, तर रात्रभर बसून लिहिलं असतं. म्हणाला नाही. मीही लिहिलं नाही. पाठवलेलं परत का पाठवायचं?

आठवड्याने दोन ओळींचं पत्र. सेवा समाप्त. ते मात्र वरपासून खालपर्यंत अखंड होतं.

६ एप्रिल, रविवार

हिला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले.

"रद्द करा," म्हणाली.

"रद्द? अगं, तो आपल्या पायांनी चालत येतोय!"

"म्हणूनच म्हणते. नको ते. काहीतरी कारण सांगा. पाइप फुटला म्हणा."

खोटं बोलायचं? मी? सत्यासाठी नोकरी घालवलेला माणूस! हसलो. ही हसली नाही.

८ एप्रिल, मंगळवार

सुचलं! अंघोळ करताना सुचलं, साबण डोळ्यांत गेला तरी कळलं नाही.

मामांचं घर लहरी आहे. नळ त्यांनी स्वतः बसवले, ते उलटे — लाल नळाला गार पाणी, निळ्याला गरम, तेही चार मिनिटं सोडून ठेवल्यावर. गॅलरीचं दार बाहेर पाऊल टाकलं की मागे आपोआप बंद होतं आणि बाहेरून उघडत नाही. आधी फटीत लाकडी पाचर ठोकावी लागते. अशा आठ गोष्टी आहेत. हिने त्या एका कागदावर आठ ओळींत लिहून फ्रिजवर चिकटवल्यात. अकरा वर्षांत एकाही पाहुण्याची तक्रार नाही. काय तो कोरडेपणा! क्रियापदं सुद्धा आज्ञार्थी.

तो कागद जाणार. त्याच्या जागी मी माहितीपुस्तिका लिहिणार. प्रत्येक विषयाला एक प्रकरण. प्रत्येक प्रकरणात पूर्वपक्ष साग्र, आक्षेप सविस्तर, सिद्धान्त शेवटी. बघू दे तरी एकदा, माझा शेवटचा परिच्छेद न वाचता माणसाचं काय होतं ते!

१० एप्रिल, गुरुवार

'स्नानगृह-प्रकरण' पूर्ण. साडेपाच पानं. नमुन्यादाखल —

"लाल वर्ण हा उष्णतेचा द्योतक होय, असा सार्वत्रिक समज आहे. अग्नी लाल, तापलेले लोह लाल, संतापलेल्या संपादकाचे नाकही लाल. तेव्हा उष्णोदक हवे असेल तर लाल नळाकडे हात जावा, यात अस्वाभाविक असे काहीच नाही. किंबहुना, अनेक सुज्ञ अतिथींनी तसेच केले आहे..."

खोटं एक अक्षर नाही. सुज्ञ अतिथींनी तसं केलंच आहे. त्यांचं काय झालं, ते पाचव्या पानावर.

नाकाचं वाक्य नंतर खोडलं. ओळखेल.

१२ एप्रिल, शनिवार

सोळा वर्षांत इतकं सलग लिहिलं नव्हतं. गॅलरी झाली, खिडक्या झाल्या, शेगडी झाली, कचऱ्याचे डबे झाले. बेचाळीस पानं. झोप छान लागते. भूकही.

हिने वाचायला घेतलं. मी समोर बसून राहिलो, लेखकाला असते ती आशा धरून.

"शेवटी काय करायचं, ते शेवटी लिहिलंय."

"शास्त्रच तसं आहे."

"माणसं सुट्टीला येतात हो, परीक्षेला नाही."

"हा माणूस परीक्षेलाच येतोय."

तिने पुस्तिका मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला खात्री आहे, त्यानेच कापलं?"

हे तिने मला यापूर्वी कधी विचारलं नव्हतं! मी धूर आणि अग्नी पुन्हा समजावून सांगितले. ऐकून घेतलं आणि कुकर लावायला गेली.

१५ एप्रिल, मंगळवार

कुरिअर पोचलं. किल्लीकाकूचा फोन.

"जावईबापू, ही काय पोथी पाठवलीत?"

"माहितीपुस्तिका आहे, काकू. टेबलावर ठेवा. फ्रिजवरचा कागद काढून टाका."

"तो बरा होता की. लोक उभ्या उभ्या वाचायचे."

"आता बसून वाचतील. आणि पाहुण्यांनी काही विचारलं, तर सांगायचं नाही. पुस्तिकेत आहे, एवढंच म्हणायचं."

"आहे का पण पुस्तिकेत?"

"आहे. शेवटी आहे."

"तुमचं सगळंच शेवटी," काकू म्हणाली. "लग्नात सुद्धा सगळ्यात शेवटी पोचला होतात."

१९ एप्रिल, शनिवार

आले. काकूचा अहवाल — साहेब वाळले आहेत, काठी नाही पण भिंत धरतात. वहिनी गोड आहेत. पुस्तिका हातात घेऊन साहेबांनी वजन केलं, पहिलं पान वाचलं, आणि "अरे वा!" म्हणाले.

अरे वा! बावीस वर्षांत एकदा म्हणाला नव्हता.

२० एप्रिल, रविवार

गार पाण्याने अंघोळ! एप्रिल महिन्यात, तळ्याच्या पाण्याने!

"आतून जो काही आवाज आला ना, जावईबापू," काकू म्हणाली, "माझा कुत्रा उठून बसला."

दुपारी जेवताना मला दोनदा हसू फुटलं. दुसऱ्यांदा ठसका लागला. हिने पाण्याचा पेला पुढे सरकवला, पाठीवरून हात नाही फिरवला.

२१ एप्रिल, सोमवार

आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहावा असा!

वहिनी बाजारात गेलेल्या. साहेब सकाळी पायजम्यावर गॅलरीत गेले, तळं बघायला. दार मागे खट्ट! वारा बोचरा. पन्नास मिनिटं. खालून काकू चालली होती.

"अहो बाई! दार कसं उघडायचं?"

"पुस्तिकेत आहे!"

"पुस्तिका आत आहे!"

काकूला शेवटी दया आली, वर जाऊन दार उघडलं. मी म्हटलं, काकू, तुम्ही नियम मोडलात. ती म्हणाली, "जावईबापू, त्या माणसाचे ओठ निळे झाले होते."

होऊ देत. त्या बाईने माझ्या तोंडावर दार लावलं तेव्हा माझ्या ओठांचा रंग कुणी पाहिला होता?

२२ एप्रिल, मंगळवार

ही बोलत नाही. विचारलं तर म्हणते, डोकं दुखतंय. संध्याकाळी एकच वाक्य —

"किती दिवस चालायचंय हे?"

"शनिवारपर्यंत."

"तसं नाही विचारलं मी."

२३ एप्रिल, बुधवार

जसं घडलं तसं लिहितो.

संध्याकाळी पाचला ही बातम्या बघत होती. एकदम उठून आली. "तिकडे आज पारा शून्याखाली जाणार. शेगडी पेटवतील ते. शेगडीचं प्रकरण तुम्ही कसं लिहिलंत?"

मी म्हटलं, "जसं बाकीची."

आणि बोलता बोलताच आठवलं. तिच्या कागदावर तीच ओळ सर्वांत वर होती, तेवढीच लाल शाईने — 'पेटवण्याआधी धुराड्याची झडप उघडा.' झडप बंद राहिली की धूर, वायू सगळं खोलीतच कोंडतं. मामा हयात असताना त्या गावात एक जोडपं असंच झोपेत गेलं होतं. आणि मी काय लिहिलं होतं? पहिल्या पानावर — "ऊब खोलीतच राहावी म्हणून झडप मिटलेली ठेवणे हे प्रथमदर्शनी युक्तीचे वाटते." शेवटच्या पानावर, शेवटच्या परिच्छेदात, उघडा.

मीच लिहिलं होतं. बारा तारखेला. छान झोप लागली होती त्या दिवशी.

काकूचा फोन लागेना. बहिणीकडे गेली असणार, बुधवारी जाते. कात्रीचा नंबर मला पाठ, पण बोटं चालेनात. माझा आवाज ओळखेल, म्हणून! दोन जीवांचा प्रश्न, आणि मी आवाजाचा विचार करत उभा. हिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला, स्पीकर लावला.

"वहिनी, मी घरमालकीण बोलतेय. शेगडी पेटवलीत का? धुराड्याची झडप उघडी आहे का? आत्ता बघा, फोन धरून ठेवते."

पावलं. मग त्याचा आवाज. म्हातारा झालाय. पण तोच.

"बाई, घाबरू नका, झडप उघडी आहे. रविवारी वरून वाचलं आणि गारठलो. सोमवारी वरून वाचलं आणि गॅलरीत अडकलो. काल आठवलं मला, या माणसाचं खालून वाचायचं असतं." मग आवाज खाली आणून — "यजमान बरे आहेत ना तुमचे?"

हिचा चेहरा पांढरा पडला. "बरे आहेत."

"त्यांना सांगा, पुस्तिका अखंड वाचली. कापण्यासारखं पुष्कळ आहे, पण हातात कात्री नाही आता. आणि हेही सांगा — ते चौथं पान मी अजून वाचलेलं नाही."

फोन ठेवला. आम्ही दोघंही खाली बसलो, जमिनीवरच. ती माझ्याकडे बघेना.

२४ एप्रिल, गुरुवार

कालची भीती सकाळपर्यंत ओसरली. राग नाही ओसरला. उलट!

"अजून वाचलेलं नाही." केवढा निर्ढावलेपणा! झडपेच्या बाबतीत मी चुकलो, शंभरदा चुकलो, पुस्तिका जाळून टाकेन आणि हिचा कागद चौकटीत घालून लावेन. पण म्हणून सोळा वर्षांपूर्वीचं त्याचं पाप माझ्या पापाने धुतलं जात नाही. माझ्याच घरात, माझ्याच पांघरुणात झोपून तेच खोटं पुन्हा बोलतो!

आता गंमत पुरे. शनिवारी सकाळी तो निघायच्या आत तिथे पोचायचं. उद्या दुपारची गाडी आहे. टेबलापाशी, त्याच्या बायकोच्या देखत, समोर बसवून विचारायचं. नुसतं अनुमान नको, साक्षीदार हवा — आणि तो घरातच आहे की! त्या दिवशी मला दुसऱ्या कामाला पळायचं होतं, म्हणून चारही पानं हिच्याच हाती दिली होती. कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून फॅक्स हिनेच केला. तिला सांगू दे त्याच्या तोंडावर, चार पानं पाठवली म्हणून. मग बघतो, काय कापतो ते!

हिला म्हटलं, तू चल. दोन तिकिटं काढतो.

"मी कशाला?"

"तूच तर एकटी आहेस, जिने ते पान शेवटचं पाहिलं."

ती उठून भांडी घासायला गेली. मी तिकिटं काढली.

२५ एप्रिल, शुक्रवार

माझी बॅग भरून झाली होती. हिने ती उघडली, एकेक शर्ट बाहेर काढून पलंगावर ठेवला, आणि शेवटच्या शर्टाची घडी मोडत म्हणाली, "तीनच पाठवली मी. आदल्या दिवशी तुम्ही विहिरींकडे होतात तेव्हा कारखान्याचे तिघं जण घरी येऊन गेले होते. चहा प्यायले. लेकीच्या शाळेचं नाव, वर्ग, सुटायची वेळ, सगळं नीट सांगून गेले. चौथं पान मी दुकानाबाहेर उभी राहून फाडलं."

लेक तेव्हा नऊ वर्षांची.

गाडीची वेळ गेली. मला एवढंच विचारायला सुचलं, फाडण्याआधी वाचलं तरी होतंस का?

म्हणाली, "पाठ आहे मला."